डब्याचं शीर्षासन

मित्रांनो, मी एक जुना गेमचा डबा आहे, आणि बोलायला सुरुवात करण्याआधी एकच विनंती आहे. माझ्यासमोर टूथपेस्टचं नाव काढू नका. का, ते ओघात येईलच.

माझा रंग राखाडी. आता जरा पिवळट दिसतो, पण तो खिडकीतल्या उन्हाचा दोष, माझा नाही. डोक्यावर गोल झाकण, समोर दोन रिमोट जोडायच्या खाचा आणि पाठीमागे वायरी. झाकण उघडलंत की मधोमध सीडी बसवायची गोल खुंटी दिसेल आणि तिच्या शेजारी एक इवलंसं भिंग. तोच माझा डोळा. सीडी गरगर फिरते, भिंग एका रुळावरून मधून कडेपर्यंत सरकत जातं आणि खालून जे वाचेल ते टीव्हीवर दाखवतं. ऐकायला सोपं वाटतं ना? मग फिरत्या पंख्याच्या पात्यावर लिहिलेली गोष्ट वाचून दाखवा बघू.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर माझ्यासारखे कितीतरी डबे रांगेत उभे असायचे. पट्ट्याच्या टोकाला एक बाई बसायची. ती प्रत्येकाच्या पोटात एक सीडी घालायची आणि टीव्हीवर चित्र आलं की शिक्का मारायची. माझं चित्र आलं तेव्हा ती हसली. खरं तर ती शेजारणीच्या विनोदाला हसली होती, पण मी ते माझ्याच कौतुकात धरलं आहे. इतकी वर्षं झाली, आता कोण तपासायला येतंय.

तिथून मी एका घरात आलो. घरात दोन मुलं होती, ताई आणि तिचा धाकटा भाऊ. बाबांनी मला चांगल्या मार्कांचं बक्षीस म्हणून आणलं होतं. ते चांगले मार्क नक्की कुणाचे, यावर दोघांचा वाद आजही मिटलेला नाही.

माझ्याबरोबर एकच सीडी आली होती, मोटारींच्या शर्यतीची. ती सीडी त्या दोघांनी इतक्या वेळा लावली की झोपेतसुद्धा मला ते रस्ते पाठ होते. ताई फार जपून गाडी चालवायची. वळण आलं की ब्रेक, समोर कुणी आलं की ब्रेक, कुणी नसलं तरी येईल म्हणून ब्रेक. धाकट्याला ब्रेकचं बटण कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. त्याचा उजवा अंगठा एकदा वेगाच्या बटणावर बसला की शर्यत संपेपर्यंत उठायचा नाही. गाडी भिंतीवर आपटो, खड्ड्यात जावो, काहीही होवो. आणि जिंकायचा नेहमी तोच. ताई म्हणायची, "असा खऱ्या रस्त्यावर चालवशील ना, तर मी ओळख दाखवणार नाही."

तो माझा सुवर्णकाळ होता. पाहुणे आले की त्यांना आधी मला दाखवायचे, मग पाणी विचारायचे. आईचाही माझ्यावर जीव होता. तिने माझ्यासाठी क्रोशाचं एक कव्हर विणलं. त्या घरात टीव्हीला कव्हर होतं, टेलिफोनला होतं, मिक्सरला होतं. मला नसतं तर माझाच अपमान झाला असता. फक्त झालं काय, की माझ्या अंगाला गरम हवा बाहेर सोडण्यासाठी फटी आहेत, त्या सगळ्या कव्हरखाली गेल्या. खेळ संपला रे संपला की आई माझ्यावर कव्हर घालायची. मी आतल्या आत उकडायचो. माया अशीही असते, मित्रांनो. तिला नाही म्हणता येत नाही.

व्हायचं ते झालं. ज्या प्लॅस्टिकच्या रुळावरून माझं भिंग सरकायचं, तो उष्णतेने मऊ पडला, एका बाजूने झिजला आणि किंचित कलला. भिंग तिरकं झालं. तिरक्या डोळ्याने वाचणार तरी काय? एके दिवशी धाकट्याने सीडी घातली, तर माझ्या पोटातून नुसतं कर्र, टक, कर्र, टक. टीव्हीवर मी पाटी लावली, कृपया सीडी घाला. धाकटा माझ्यावर खेकसला, "घातलीय ना." मला काय माहीत नव्हतं? पण मला तेवढंच वाक्य लिहिता येतं.

मग माझ्यावर औषधोपचार सुरू झाले. धाकट्याने सीडी शर्टाला गोल गोल घासली. सीडी पुसायचीच असेल, तर मऊ कापडाने, मधून कडेकडे, सरळ पुसायची असते. गोल घासलं की ओरखडे वाचनाच्या ओळीबरोबर पडतात आणि माझी आणखी पंचाईत होते. ताईने भिंगावर फुंकर मारली. फुंकरीबरोबर थुंकी आली. आईने मला उन्हात ठेवलं, म्हणजे उकडून बिघडलेल्याला आणखी उकडलं. हे सगळं कमी होतं म्हणून शेजारचे मास्तर आले.

मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे, पण जगातल्या प्रत्येक विषयावर त्यांचं मत तयार असायचं. त्यांनी सीडी डोळ्यांजवळ धरली, मान हलवली आणि म्हणाले, "टूथपेस्ट आणा." सीडीवर टूथपेस्ट चोळली गेली. धुतली घाईघाईत. उरलेली सगळी माझ्या खुंटीला लागली. कित्येक दिवस माझ्या पोटात पुदिन्याचा वास येत होता. त्यावर सरबताचे हात लागले, बिस्किटांचा चुरा बसला, आणि खुंटीभोवती चिकट राळेचा एक थरच तयार झाला. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय. दुखत होता माझा रूळ आणि सगळे लागले होते सीडीच्या मागे.

शेवटी इलाज सापडला तो भांडणातून. मला पुन्हा एकदा लावून बघताना ताई आणि धाकटा एका रिमोटवरून हातघाईला आले, वायरीला हिसका बसला आणि मी टेबलावरून धाडकन खाली पालथा पडलो. आई स्वयंपाकघरातून आली. आता कुणाच्या पाठीत धपाटा बसणार, एवढंच ठरायचं बाकी होतं. तेवढ्यात टीव्हीतून मोटार सुरू झाल्याचा आवाज आला.

त्यात जादू काही नव्हती. मी पालथा झालो, तशी माझ्या भिंगाची गाडी रुळाच्या दुसऱ्या बाजूला टेकली आणि तिचा तिरकेपणा गेला. खुंटीच्या चिकट थराने सीडी धरून ठेवली, म्हणून ती निसटली नाही. पण हे त्यांना कोण सांगणार? मास्तरांना बोलावलं गेलं. ते माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "शीर्षासन. रक्त डोक्याकडे गेलं, वाचा सुरू झाली." वीज डोक्याकडे जाते असं ते म्हणाले असते तरी मी मान्य केलं असतं, पण रक्त?

त्या दिवसापासून ते घराचं शास्त्र झालं. दोन साबणाच्या रिकाम्या डब्या जमिनीवर ठेवायच्या. ताईने मला दोन्ही हातांनी उचलायचं, अलगद पालथं करायचं आणि त्या डब्यांवर टेकवायचं. धाकट्याने माझ्या पोटावर एक थाप मारायची. मग मी वाचायचो. कुणी नव्या पाहुण्याने मला सरळ ठेवलं, तर सगळं घर त्याच्या अंगावर जायचं. "आमचा डबा पालथाच चालतो," हे आई अशा अभिमानाने सांगायची की मलाही तो अंगचा गुण वाटू लागला. दुसरे डबे सरळ चालतात, मी पालथा चालतो. नाकाने कांदे सोलायला मला एवढं कारण पुरेसं होतं.

पुढे मुलं मोठी झाली. ताई बस चालवायला लागली. हो, खरी बस, शहरातली. तिच्या बसमध्ये म्हाताऱ्या माणसांना झोप लागते, इतकी ती सांभाळून चालवते. लग्न करून ती दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली आणि आई-बाबांनाही तिने आपल्याकडे नेलं. धाकट्याने रस्त्याच्या वळणावर सलून काढलं. एक खुर्ची, एक आरसा आणि त्याचा उजवा हात, एवढंच भांडवल. पण त्याच्या कात्रीला नाव मिळालं. मास्तर तर दुसऱ्या कुणाला डोक्याला हात लावू देईनात. मग धाकट्याचं लग्न झालं, वहिनी घरात आली. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा घासून फ्रेममध्ये बसवते.

आणि मी? मी गेलो कपाटावर, सुटकेसच्या खाली. वहिनीला या घरातल्या कितीतरी गोष्टी सांगितल्या गेल्या. नळ कसा सोडायचा, कुठला दरवाजा ढकलून लावायचा, मास्तरांशी वाद का घालायचा नाही. पण माझ्या शीर्षासनाबद्दल तिला कुणी चकार शब्द सांगितला नाही. जो डबा कुणी लावतच नाही, त्याची रीत कोण सांगत बसतो? हे वाक्य लक्षात ठेवा, कारण सगळा घोटाळा इथूनच झाला.

एके दिवशी धाकटा सलूनमधली ट्यूब बदलायला स्टुलावर चढला आणि स्टुलासकट खाली आला. उजवा हात अंगाखाली सापडला. अंगठ्याच्या मुळाशी हाड मोडलं. प्लास्टर घातलं, यथावकाश काढलं, हाड जुळलं होतं. पण अंगठा वळेना. लाकडी चमच्यासारखा ताठ उभा राहिला.

व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई घरी यायच्या. त्यांनी त्याला दाबायला एक मऊ चेंडू दिला. त्या बाई असेपर्यंत धाकटा चेंडू दाबायचा. त्या जिना उतरल्या की चेंडू खुर्चीखाली जायचा. "दुखतं गं," तो वहिनीला म्हणायचा, "आणि कंटाळा येतो. चेंडू दाबून कुणाचं भलं झालंय?" तोवर त्याने अंगठ्यावाचून सगळं करायला शिकून घेतलं होतं. कप चार बोटांत अडकवायचा, बटणं डाव्या हाताने लावायची, किल्ली दोन बोटांच्या बेचक्यात धरून फिरवायची. मास्तर रोज संध्याकाळी अंगठ्याची चौकशी करायला यायचे. त्यांचे केस एव्हाना कानात शिरले होते. ते हा सगळा प्रकार बघून म्हणायचे, "वा, डोकं आहे तुला. माणसाचं कशावाचून अडत नाही." धाकटा खूश व्हायचा.

व्यायामाच्या बाई मात्र खूश नव्हत्या. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं. "ही हुशारीच नडतेय तुम्हाला. अंगठ्याला कामच उरलं नाही, तर तो वळेल कशाला? अजून थोडे आठवडे हातात आहेत. सांधा एकदा असाच बसला की बसला. मग कात्री विसरा." त्या गेल्यावर धाकटा बराच वेळ खिडकीशी उभा होता. कात्री सोडून त्याला दुसरं काही येत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि वहिनीलाही. कपाटावरून मला त्याची पाठ तेवढी दिसत होती. मला फार वाईट वाटलं. त्या अंगठ्याला मी जेवढं ओळखतो, तेवढं कुणी ओळखत नाही.

ताईने फोनवर वहिनीला युक्ती सांगितली. "त्याला चेंडू देऊन काही व्हायचं नाही. त्याला माझ्याशी शर्यत लावायला बसव. हरायची वेळ आली की अंगठाच काय, डोकं आपटून बटण दाबेल तो. कपाटावर आपला गेमचा डबा आहे बघ. तेवढा पुसून ठेव."

वहिनी नुसतं पुसून ठेवणाऱ्यांतली नाही. सुट्टीच्या दिवशी धाकटा दवाखान्यात गेला असताना तिने मला खाली काढलं, सीडी घातली आणि मला सरळ ठेवून सुरू केलं. सरळ. मी कर्र, टक केलं. तिने मान वाकडी करून ऐकलं. मग दुकानातले बारीक पेचकस आणले आणि माझं पोट उघडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी सीडीऐवजी माझ्याकडे बघत होतं. तिने चष्म्याच्या कापडाने भिंग पुसलं. रूळ कलल्याचं तिच्या लगेच लक्षात आलं, कारण तिरकी काच ओळखणं हेच तिचं रोजचं काम. तुटक्या फ्रेमचा एक पातळ तुकडा कापून तिने रुळाखाली बसवला आणि भिंग सरळ केलं. रुळाला वंगणाचा ठिपका लावला. खुंटीवरचा तो सगळा राळेसारखा थर खरवडून काढला. त्याखाली सीडी धरून ठेवणारे खुंटीचे मूळचे चिमटे झिजून गेले होते, पण सरळ ठेवलेल्या डब्यात सीडी आपल्या वजनाने बसते, त्यामुळे काही अडलं नाही. तिने झाकण लावलं आणि टीव्हीवर मोटार लख्ख उभी राहिली. मित्रांनो, माझा स्वतःचाच विश्वास बसेना. मी सरळ वाचत होतो. वहिनी एकटीच हसली, आणि या वेळी मात्र ती नक्की माझ्याकडे बघून हसली.

रात्री जेवताना तिने धाकट्याला सांगितलं, "डबा दुरुस्त केलाय. उद्या ताईंबरोबर खेळ."

दुसऱ्या दिवशी वहिनी दुकानात असताना ताई ड्यूटी संपवून आली. दोघांनी मला बघितलं आणि लहान मुलांसारखे जमिनीवर बसले. माझाही ऊर भरून आला. तेवढ्यात ताई म्हणाली, "साबणाच्या डब्या आण रे." मी मनात म्हटलं, नको. ताईने मला उचललं, अलगद पालथं केलं आणि डब्यांवर टेकवलं. धाकट्याने डाव्या हाताने थाप मारली. आता खुंटीवर चिकट थर नव्हता. सीडी सटकली, टप्पकन झाकणावर पडली आणि तिथेच खरखरत राहिली. मी पाटी लावली, कृपया सीडी घाला. याहून नेमकी पाटी मी आयुष्यात लावली नव्हती, पण ऐकतो कोण.

त्यांनी मला पुन्हा उचललं, पुन्हा पालथं घातलं, थाप जरा जोरात मारली. मग ताई म्हणाली, "उघडला ना तिने. आत काहीतरी हललं असणार."

"तिला बोलू नकोस हं," धाकटा म्हणाला. "सुट्टीचा अख्खा दिवस घालवलाय बिचारीने. वाईट वाटेल तिला."

"मग सांगायचं काय?"

"झकास चालतो म्हणून सांगू."

झालं. संध्याकाळी वहिनीने विचारलं आणि धाकट्याने सांगितलं, झकास चालतो. तिचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा बघून त्याला दुसऱ्या दिवशीही खोटं बोलावं लागलं, तिसऱ्या दिवशीही. रोज ती विचारायची, आज कोण जिंकलं? तो रोज एक शर्यत रचून सांगायचा. कुठल्या वळणावर ताईची गाडी घसरली, ती कशी चिडली, सगळं. एकदा त्याने सांगितलं की तो जिंकला, आणि त्याच दिवशी ताईने फोनवर सांगितलं की ती जिंकली. मग दोघांत त्या न झालेल्या शर्यतीवरून खरंखुरं भांडण झालं. आणि मी टीव्हीखाली, धडधाकट, सरळ बसून होतो. नुसतं बटण दाबलं असतं तरी चाललो असतो. पण मला लावायला घेतलं की आधी पालथा घालायचे.

अंगठा होता तिथेच होता. वहिनी रोज त्याच्या अंगठ्याचं टोक करंगळीपर्यंत पोचतं का ते बघायची. पोचत नव्हतं. व्यायामाच्या बाईंनी विचारलं, "घरी काय करता?" धाकटा म्हणाला, "गेम खेळतो." त्या म्हणाल्या, "मग कसल्या गेमा खेळता हो? बोट हलल्याचं दिसत नाही." रविवारी ताई आली, मास्तर आले, तेव्हा वहिनी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"खेळा," ती म्हणाली. "मला बघायचंय."

धाकट्याने ताईकडे पाहिलं. ताईने छताकडे पाहिलं. सुटका नव्हती. ताईने साबणाच्या डब्या मांडल्या आणि मला पालथं केलं.

"हे काय करताय?" वहिनीने विचारलं.

"शीर्षासन," ताई म्हणाली.

"कुणाचं?"

"डब्याचं. तो पालथाच चालतो ना. लहानपणापासून." ताईने हे अशा सुरात सांगितलं की सूर्य पूर्वेला उगवतो, हेही आता सांगायचं का.

मास्तरांनी रक्ताचा सिद्धांत सुरू केला. वहिनीने तो पूर्ण होऊ दिला, कारण मास्तरांशी वाद का घालायचा नाही हे तिला माहीत होतं. मग म्हणाली, "मास्तर, तो सरळ चालावा म्हणूनच मी दुरुस्त केला होता."

"अगं, पण तो पालथाच चालतो," धाकटा म्हणाला. पालथ्या घड्यावर पाणी कशाला म्हणतात, ते मला त्या क्षणी कळलं, आणि घडा मी नव्हतो.

वहिनी उठली. तिने मला उचललं, सरळ केलं, झाकण उघडून सीडी खुंटीवर नीट बसवली आणि झाकण लावलं. बटण दाबलं. भिंग सरसर सरकलं आणि टीव्हीवर मोटार घुरघुरू लागली. मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

"मग इतके दिवस तुम्ही खेळत काय होतात?" वहिनीने विचारलं.

धाकट्याची मान खाली गेली. "तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. तू बिघडवलास असं वाटलं आम्हाला."

मला वाटलं ती आता हसेल. मला तर हसू आवरत नव्हतं. पण तिचे डोळे भरून आले. "मला वाईट वाटू नये म्हणून तू अंगठा घालवायला निघालास? उद्या त्या सलूनला कुलूप लागलं आणि तू त्या खिडकीत उभा राहिलास, तर मला काय वाटेल याचा विचार केलास?" मग तिने रिमोट त्याच्या मांडीवर ठेवला. "डबा जसा पालथा घालत होतात ना, तसंच तू हाताचं केलंयस. चार बोटांवर भागतंय, म्हणून अंगठा सोडून दिलास. बस आता."

तो बसला. शर्यत सुरू झाली. सवयीप्रमाणे त्याने रिमोट गुडघ्यावर टेकवला आणि वेगाचं बटण मधल्या बोटाने दाबू लागला. मोटार बैलगाडीसारखी निघाली. तिकडे ताई नेहमीप्रमाणे प्रत्येक वळणावर ब्रेक दाबत, रिकाम्या रस्त्यावर वाट देत चालली होती. आणि जिंकली. आयुष्यात पहिल्यांदा जिंकली. उभं राहून ती म्हणाली, "नियम पाळणारा मागे राहत नाही."

हे त्याच्या जिव्हारी लागलं. "पुन्हा लाव," तो म्हणाला. या वेळी त्याने रिमोट हातात धरला. अंगठा उचलला आणि बटणावर ठेवला. दाबला. त्याच्या तोंडून "आई गं" निघालं आणि मोटार दोन हात पुढे जाऊन थांबली. पुन्हा दाबला, पुन्हा दोन हात. कपाळावर घाम आला. ताई पुढे निघून गेली होती, पण तिने मागे वळून बघितलं नाही, मुद्दामच. तिला माहीत होतं, ती थांबली तर तोही थांबेल. तो हरला. मान हलवून परत म्हणाला, "पुन्हा लाव."

मित्रांनो, त्या दोन शब्दांइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही. मी पुन्हा लावलं. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, रोज. एकदाही कर्र केलं नाही की टक केलं नाही. डोळे फुटेस्तोवर वाचत राहिलो म्हणा ना. दोन हात पुढे जाणारी मोटार वळणापर्यंत जायला लागली. मग वळणाच्या पलीकडे. एके दिवशी त्याने शर्यतभर बटण सोडलं नाही, गाडी भिंतीवर आपटली तरी सोडलं नाही. ताई हरली आणि इतकी खूश झाली की मास्तरांना वाटलं तीच जिंकली. वहिनीने त्याचा हात हातात घेतला. अंगठ्याचं टोक करंगळीला टेकलं. ती ओंजळीत तोंड लपवून रडली.

सलून उघडलं, त्या दिवशी मास्तर सगळ्यांच्या आधी जाऊन दारात उभे होते. पण धाकट्याने कात्री उचलली आणि परत खाली ठेवली. त्याला मास्तरांच्या कानांची काळजी वाटली. तेव्हा ताई बस डेपोत लावून आली होती. तीच खुर्चीत जाऊन बसली. "काप," म्हणाली. "माझे केस आहेत, परत येतील."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी बघितलं. मागून एक बाजू चांगली तिरकी होती. वहिनी म्हणाली, "ताई, बसा, नीट करून देते." ताईने मानेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "राहू दे. परत वाढेपर्यंत असंच मिरवते."

तेव्हापासून धाकट्याचा दिवस सलूनमध्ये जातो आणि घरी आला की म्हणतो, आज अंगठा दमलाय. मला कुणी फारसं लावत नाही. याचा राग येतो का, असं विचाराल, तर येतो. थोडासा. पण त्याचा अंगठा दमतो आहे, हे ऐकून बरंही वाटतं.

तर मित्रांनो, तुमच्या डब्याने सीडी वाचायची नाकारली, तर त्याला मारू नका, फुंकर घालू नका, आणि ज्याचं नाव काढायचं नाही, ते तर मुळीच नको. सीडी मधून कडेकडे पुसा. भिंग हळुवार पुसा. त्याला वारा लागू द्या. आणि तुमच्या घरात आणखी काहीही पालथं घालून चाललं असेल, एखादी वस्तू, एखादं माणूस, नाहीतर तुमचाच एखादा हातपाय, तर त्याला एकदा सरळ करून बघा. नाही चाललं तर पुन्हा पालथं घाला, कुणी भांडायला येणार नाही. पण एकदा बघा.